झोपेतील श्वासरोध: तपासणीची आणि उपचारांची यंत्रे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात ज्या घरांत कोणाचा तरी झोपेत श्वास अडकतो, किंवा अडकत असल्याची शंका आहे, त्या घरांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. यंत्र विकत घेतले की उपचार झाला, असा अनेकांचा समज असतो, आणि मग ते यंत्र महिन्याभरात कपाटावर जाऊन बसते. तसे होऊ नये म्हणून पुढची माहिती शक्य तितकी सविस्तर दिली आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र डॉक्टरांकडे जाताना नेमके काय विचारावे, हे तिच्या आधारे ठरवता येईल.

घोरणे आणि स्लीप अ‍ॅप्निया (झोपेतील श्वासरोध) यांत फरक काय?

घोरणारा प्रत्येक माणूस या आजाराचा रुग्ण नसतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा मुळातच अरुंद असतो, मानेभोवती चरबी साठलेली असते किंवा खालचा जबडा मागे असतो. अशा माणसाने श्वास आत ओढला की घशाच्या मऊ भिंती एकमेकींना चिकटतात. नळाला मोटार लावून पाणी ओढताना मऊ नळी चपटी होते, तसाच हा प्रकार आहे. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा आवाज करून श्वास सुटतो आणि पुन्हा झोप लागते. रुग्णाला सकाळी यातले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपलेल्या माणसाला. म्हणून डॉक्टरांकडे जाताना पत्नीला, पतीला किंवा त्याच खोलीत झोपणाऱ्या मुलाला बरोबर न्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

श्वास किमान दहा सेकंद थांबला, तरच त्याची गणना होते. पूर्ण थांबलेले आणि उथळ झालेले असे दोन्ही प्रकारचे श्वास मोजून तासाला सरासरी किती, तो आकडा काढतात. अहवालात तो ‘एएचआय’ या नावाने दिसतो. प्रौढांमध्ये पाचपेक्षा कमी असल्यास सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, अशी वर्गवारी आहे. लहान मुलांना ही मोजपट्टी लागू होत नाही. त्यांच्यात तासाला एकाहून अधिक वेळा श्वास अडकणेही असामान्य मानले जाते आणि बहुधा टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड (नाकामागची ग्रंथी) यांचा विचार आधी होतो.

तपासणी करून घ्यायला हवी, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, कोणीतरी पाहिलेला श्वास थांबणे, उच्च रक्तदाब, ३५ च्या वरचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा), पन्नाशी ओलांडलेले वय, ४० सेंटिमीटरपेक्षा जाड मान आणि पुरुष असणे, हे आठ मुद्दे डॉक्टर प्राथमिक चाळणीसाठी विचारतात. यांपैकी तीन किंवा अधिक लागू असतील तर तपासणीचा विचार करावा. तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, रात्री वारंवार लघवीला उठावे लागत असेल किंवा सकाळी डोके जड राहत असेल, तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगावे, कारण या तक्रारींचा झोपेशी संबंध असेल असे रुग्णाच्या सहसा मनातही येत नाही.

पुणे किंवा हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक, बस अथवा जीप चालवणाऱ्यांनी याबाबत चालढकल करू नये. उपचार न घेतलेल्या रुग्णांमध्ये वाहन-अपघाताचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. चहा पिऊन आणि तोंडावर पाणी मारून ही झोप हटत नाही.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात आहे. त्यावरून कळेल का?

कोरोनाच्या काळात अनेक घरांत आलेला ऑक्सिमीटर त्या क्षणाचा आकडा दाखवतो. दिवसा, जागेपणी तो ९७ किंवा ९८ दाखवील आणि तरीही रात्री त्याच माणसाचा ऑक्सिजन ८० च्या खाली जात असेल. या कामासाठी रात्रभराची नोंद साठवणारा ऑक्सिमीटर लागतो. ऑक्सिजन तासाला किती वेळा तीन किंवा चार टक्क्यांनी घसरला आणि एकूण किती वेळ ९० च्या खाली राहिला, हे त्याच्या आलेखावरून काढता येते. नखांवर गडद नेलपॉलिश किंवा मेंदी असल्यास, बोटे गार असल्यास अथवा झोपेत बोटावरचा चिमटा सरकल्यास आकडे चुकतात. असा आलेख वाईट आला तर पुढच्या तपासणीला बळ मिळते. चांगला आला म्हणून मात्र आजार नाही, असे म्हणता येत नाही.

मग हातातल्या स्मार्ट घड्याळाचे काय?

सॅमसंग आणि अ‍ॅपल या कंपन्यांच्या काही घड्याळांतील अशा सुविधेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये परवानगी दिली. मध्यम ते तीव्र आजाराची शक्यता आहे का, एवढेच ती सुचवते. निदान करत नाही आणि उपचार ठरवत नाही. घड्याळाने इशारा दिला तर तो गंभीरपणे घ्यावा. दिला नाही आणि लक्षणे आहेत, तर लक्षणांवर विश्वास ठेवावा.

स्लीप स्टडी (झोपेची चाचणी) घरी करावी की रुग्णालयात?

दोन्ही पद्धती योग्य आहेत. कोणासाठी कोणती, हे रुग्णावर अवलंबून आहे. रुग्णालयातील संपूर्ण चाचणीत डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर आणि पायांवर इलेक्ट्रोड लावतात, नाकाजवळ हवेचा प्रवाह मोजतात, छाती-पोटावर पट्टे बांधतात, तसेच हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन नोंदवतात. तंत्रज्ञ रात्रभर लक्ष ठेवून असतो. आजार तीव्र असल्याचे पहिल्या काही तासांतच दिसले, तर उरलेल्या रात्रीत मास्क लावून हवेचा दाब किती लागतो तेही ठरवता येते.

घरच्या चाचणीत डोक्यावरच्या तारा नसतात. नाकातील नळी, छातीचा पट्टा आणि बोटाचा सेन्सर एवढेच असते. स्वतःच्या अंथरुणात झोप लागणे ही तिची मोठी सोय आहे. मात्र रुग्ण प्रत्यक्ष किती वेळ झोपला हे ती मोजत नाही, यंत्र किती वेळ चालू होते ते मोजते. त्यामुळे तळमळत काढलेल्या रात्रीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. हृदय कमकुवत असलेल्यांनी, फुप्फुसांचा जुना गंभीर आजार किंवा पक्षाघात झालेल्यांनी आणि स्नायूंचे विकार असलेल्यांनी रुग्णालयातील चाचणीच करावी. घरची चाचणी सामान्य आली तरी दिवसाची झोप आवरत नसेल, तर अशांनाही रुग्णालयातील चाचणी करावी लागते.

सोलापुरात सुरुवात छातीविकारतज्ज्ञांकडून किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून करता येते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील याच विभागांच्या बाह्यरुग्ण कक्षात दाखवल्यास पुढची दिशा मिळेल. चाचणीच्या दिवशी केस धुऊन जावे आणि डोक्याला तेल लावू नये, कारण तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत. दुपारी झोपू नये. नेहमीची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

चाचणी न करता थेट यंत्र घ्या, असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून यंत्र घेऊ नये. याबाबत आमचे मत ठाम आहे.

सीपॅप यंत्र नेमके काय करते?

ते खोलीतील साधी हवा ठरावीक दाबाने नाकावाटे घशात पोहोचवते आणि त्या दाबामुळे घशाच्या भिंती मिटत नाहीत. ते फुप्फुसांसाठी श्वास घेत नाही. श्वास रुग्णाचा स्वतःचाच असतो. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही पद्धत प्रथम प्रसिद्ध केली आणि आजही मध्यम व तीव्र आजारासाठी तीच पहिली निवड आहे. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि तो साधारण ४ ते २० या मर्यादेत ठेवता येतो.

साध्या सीपॅपमध्ये दाब एकच राहतो. ऑटो सीपॅप प्रत्येक श्वासाचा अंदाज घेऊन, डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत, दाब कमी-जास्त करते. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देते. खूप जास्त दाब लागणाऱ्यांना किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना ते लागते. एएसव्ही नावाचा आणखी एक महाग प्रकार आहे. महाग म्हणजे चांगले, असे येथे मुळीच समजू नये: हृदयाची पंपिंग क्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या आणि मेंदूकडून श्वासाचा संकेतच न येण्याचा प्रकार प्रामुख्याने असलेल्या रुग्णांमध्ये या यंत्राने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचे २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. यंत्राचा प्रकार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेला असावा.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहे. रात्री तोच लावला तर चालेल का?

नाही. घसा बंद असताना नाकाशी कितीही ऑक्सिजन सोडला तरी तो आत जाणार कसा? ऑक्सिमीटरवरील आकडे कदाचित सुधारतील, पण श्वास थांबणे आणि झोप तुटणे चालूच राहील. काही रुग्णांत श्वास थांबण्याचा काळ लांबतो, तर फुप्फुसांचा आजार असलेल्यांत कार्बन डायऑक्साइड धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. सीपॅपला ऑक्सिजन जोडण्याची गरज काहींना असते, पण तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांचा.

मास्क कोणता निवडावा?

सर्वाधिक वेळ याच गोष्टीला द्यावा, कारण यंत्र कपाटावर जाण्याचे पहिले कारण मास्क असते. मास्कचे मुख्य प्रकार तीन: फक्त नाकावर बसणारा, नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा उशीचा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांना तिसरा सुचवला जातो, पण तो मोठा असतो आणि त्यातून हवा गळण्याची शक्यता अधिक असते. नाक बंद राहते म्हणून तोंड उघडत असेल, तर आधी नाकावर उपचार करून नाकाचा मास्क वापरून पाहणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. भरघोस मिशा असतील तर नाकपुड्यांचा प्रकार बरा बसतो, कारण केसांवर सिलिकॉनची कड नीट टेकत नाही.

मास्क दुकानात उभे राहून पाहू नये. आडवे होऊन, यंत्र चालू करून, दोन्ही कुशींवर वळून पाहावा. पट्टे घट्ट ओढल्याने गळती थांबत नाही. उलट सिलिकॉनची कड दुमडते आणि नाकाच्या हाडावर जखम होते. मास्क बदलून मिळेल का, आणि किती दिवसांत, हे पैसे देण्यापूर्वी लिहून घ्यावे.

मास्क लावला की गुदमरल्यासारखे होते. काय करावे?

ही तक्रार अगदी सामान्य आहे आणि बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. पहिले काही दिवस मास्क दिवसा, जागेपणी, टीव्ही पाहताना किंवा वाचताना लावून बसावे: आधी नुसता हातात धरून, मग पट्टे बांधून, मग यंत्र सुरू करून. झोप लागेपर्यंत दाब कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, ती चालू करून घ्यावी. आश्चर्य वाटेल, पण दाब अगदी कमी ठेवल्यानेही गुदमरल्यासारखे वाटते, कारण पुरेशी हवा मिळत नाही; अशा वेळी सुरुवातीचा दाब चारवरून सहापर्यंत नेल्यास बरे वाटते. तो बदल डॉक्टरांना किंवा तंत्रज्ञाला विचारून करावा. घरच्यांनी या काळात चेष्टा टाळावी. मास्क लावलेला चेहरा पाहून मुले हसली म्हणून उपचार सोडणारी माणसे आहेत.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा, पाण्याचा आणि धुळीचा यंत्रावर काय परिणाम होतो?

एप्रिल-मेमध्ये दिवसाचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि स्लॅबखालची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली राहते. अनेक यंत्रांच्या पुस्तिकेत वापरासाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतची खोली गृहीत धरलेली असते, आणि यंत्रातून येणारी हवा खोलीतील हवेपेक्षा थोडी गरमच असते. म्हणून यंत्र भिंतीला चिकटवून, पडद्यामागे किंवा चादरीखाली ठेवू नये. शक्य असल्यास खालच्या मजल्यावर झोपावे. कूलर चालू असेल तर खोलीत ओलावा आधीच पुरेसा असतो, तेव्हा ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा, पाण्याच्या टाकीचा भाग) कमी किंवा बंद करता येतो. डिसेंबर-जानेवारीत उलट घडते: गरम ओली हवा थंड नळीत गार होऊन पाणी साचते आणि चेहऱ्यावर थेंब येतात. नळीला कापडी आवरण घालावे आणि यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवावे.

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घालावे. बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि त्याचा पांढरा थर टाकीच्या तळाशी काही दिवसांतच धरतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. एखाद्या रात्रीची अडचण भागवायला ते चालेल. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारे सुटे पाणी वापरू नये, कारण ते कोणत्या डब्यातून कोणत्या डब्यात आले याची खात्री नसते. रात्रीचे उरलेले पाणी सकाळी ओतून टाकावे आणि टाकी उघडी ठेवून वाळवावी.

यंत्रमागाच्या कारखान्याजवळ राहणाऱ्यांनी, किंवा ज्यांच्या घरातच माग आहेत त्यांनी, फिल्टरकडे विशेष लक्ष द्यावे. हवेत उडणारे सुताचे बारीक तंतू फिल्टरवर बसून त्याला जाड थर येतो, हवा कमी खेचली जाते आणि मोटार तापते. पुस्तिकेत महिन्याने फिल्टर बदलावा असे लिहिले असले, तरी अशा घरांत दर आठवड्याला पाहावे आणि करडा दिसला की बदलावा. रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसाच्या झोपेतही यंत्र लावायचे असते.

वीज गेली तर श्वास कोंडेल का?

नाही. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये दाब बंद होताच बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडते, आणि नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळेच असते. बहुतेक माणसे जागी होऊन मास्क काढतात. ज्यांना हालचाल करता येत नाही, त्यांच्यापाशी मात्र कोणीतरी असायला हवे.

घरगुती इन्व्हर्टरवर सीपॅप सहज चालते. ह्युमिडिफायर बंद ठेवल्यास यंत्राला साधारण ३० वॅट लागतात असे धरले, तर आठ तासांना २४० वॅट-तास होतात. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. बॅटरी जुनी असली आणि त्यावर एक पंखा चालला, तरी रात्र निघते. ह्युमिडिफायर आणि गरम नळी चालू असल्यास खप दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो, म्हणून वीज गेल्यावर ते बंद करावेत.

प्रवासात आणि वारीत यंत्राचे काय करावे?

यंत्र हातातील सामानात ठेवावे आणि निघण्यापूर्वी टाकीतील पाणी काढून टाकावे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री मुंबईला जाणाऱ्यांनी डब्यातील चार्जिंगच्या सॉकेटवर विसंबू नये. ते मोबाइल आणि लॅपटॉपसाठी असतात. यंत्रासाठी मिळणारी स्वतंत्र बॅटरी घ्यावी, अथवा दिवसाची गाडी निवडावी. आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत चालत जाणाऱ्यांना रोज रात्री वीज मिळणे कठीण असते. ज्यांचा आजार तीव्र आहे त्यांनी बॅटरीची सोय करूनच निघावे. यंत्र सुटलेल्या रात्री कुशीवर झोपावे, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात आणि दुसऱ्या दिवशी वाहन चालवू नये, कारण यंत्र थांबले की आजार काही रात्रींतच परत दिसू लागतो.

यंत्राच्या पडद्यावरचे कोणते आकडे पाहावेत?

तीनच पुरेसे आहेत: किती तास वापरले, गळती किती आणि यंत्र लावूनही उरलेला एएचआय किती. उरलेला आकडा पाचच्या खाली असावा. तासांबाबत चार तासांचा निकष सांगितला जातो, पण तो किमान आहे. पहाटेच्या झोपेत, म्हणजे स्वप्नांच्या झोपेत, श्वास अडकण्याचे प्रमाण अनेकांत सर्वाधिक असते आणि नेमका तेव्हाच मास्क उशीखाली गेलेला असतो.

हृदयविकार टळेल का, हा प्रश्न वापराच्या तासांशी जोडलेला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,७१७ रुग्णांच्या अभ्यासात सीपॅपने हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे प्रमाण कमी झाले नाही. मात्र त्यातील रुग्णांनी यंत्र रात्रीला सरासरी ३.३ तासच वापरले होते. दिवसाची झोप, मनःस्थिती आणि कामाची क्षमता यांत सुधारणा झाली. म्हणून यंत्राने रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या सुटतील, असे आश्वासन कोणी देऊ नये. पहिल्या महिन्यात एकदा तरी कार्ड किंवा मोबाइलमधील नोंद डॉक्टरांना दाखवावी.

जुने, वापरलेले यंत्र घ्यावे का?

शक्यतो घेऊ नये. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने अनेक सीपॅप आणि बायपॅप यंत्रे परत मागवली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासावाटे जाण्याचा धोका होता. एप्रिल २०२१ पूर्वीचे त्या कंपनीचे यंत्र कोणी देऊ करत असेल, तर अनुक्रमांक तपासल्याशिवाय हात लावू नये. इतर यंत्रांतही आधीच्या रुग्णाचा दाब तसाच राहिलेला असतो. मास्क आणि नळी तर दुसऱ्याची वापरूच नये. स्वच्छतेसाठी सौम्य साबण आणि कोमट पाणी पुरते. स्पिरिट, जंतुनाशके, कडक ऊन आणि ओझोनची यंत्रे सिलिकॉन व फोम खराब करतात.

विम्यातून पैसे मिळतात का?

बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये सीपॅप आणि बायपॅप यंत्रे न देण्याच्या वस्तूंच्या यादीत असतात, त्यामुळे आपल्या पॉलिसीची ती यादी आधी वाचावी. रेल्वे आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी व निवृत्तांनी खरेदीपूर्वी आपल्या आरोग्य योजनेच्या मंजुरीचे नियम विचारावेत. आधी खरेदी आणि मग अर्ज, हा क्रम सहसा अडचणीत आणतो.

मास्क नकोच असेल तर दुसरे काय आहे?

सौम्य आणि मध्यम आजारात, जबडा पुढे धरून ठेवणारे दातांवरचे साधन उपयोगी पडते. ते दंतवैद्याने माप घेऊन बनवलेले असावे. गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार साधन त्याची बरोबरी करत नाही. पुरेसे पक्के दात लागतात, आणि गुटखा-तंबाखूमुळे ज्यांचे तोंड पूर्ण उघडत नाही त्यांना ते बसवणे अवघड असते. जबडा दुखणे आणि दातांची ठेवण हळूहळू बदलणे हे त्याचे दुष्परिणाम आहेत. साधन बसवल्यावर पुन्हा झोपेची चाचणी करायलाच हवी, कारण घोरणे थांबले म्हणजे श्वास अडकणे थांबले असे नाही. उताणे झोपल्यावरच त्रास होणाऱ्यांना कुशीवर ठेवणारे पट्टे मदत करतात. जिभेच्या मज्जातंतूला उत्तेजना देणाऱ्या, छातीत बसवायच्या यंत्राला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. सीपॅप न झेपणाऱ्या निवडक रुग्णांसाठी ते आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. नाकाच्या पट्ट्या, चुंबकाच्या अंगठ्या आणि घोरणे थांबवणाऱ्या क्लिपा यांवर पैसे घालवू नयेत.

वजन कमी झाल्यावर यंत्र सोडता येते का?

काहींना येते. वजन घटल्याने आजार स्पष्टपणे कमी होतो, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड हे औषध लठ्ठपणा असलेल्या प्रौढांतील मध्यम ते तीव्र आजारासाठी मंजूर झाले. पण जबड्याची ठेवण, घशाची रुंदी आणि वय ही कारणे वजनाने बदलत नाहीत, म्हणून बरे वाटते एवढ्यावर यंत्र बंद करू नये. ठळक वजन घटले असेल, तर आधी दाबाची फेरतपासणी करून घ्यावी आणि मग यंत्राविना नवी स्लीप स्टडी करावी. त्या चाचणीआधी किती रात्री यंत्र न लावता झोपायचे हे डॉक्टर सांगतील. त्या दिवसांत वाहन चालवू नये, आणि मागावर किंवा अन्य धोक्याच्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी रजा घ्यावी.